चप्पल वेगळी, चौकट वेगळी

प्रश्न : आमच्या घरी बंड्या नावाचा दहा महिन्यांचा लॅब्राडॉर आहे. लहानपणापासून त्याला वस्तू चावायची सवय आहे. सासऱ्यांच्या कोल्हापुरी चपला, मुलीची कंपासपेटी, दिवाणाचा एक पाय आणि सोफ्याच्या उशा त्याने आजवर फस्त केल्या. दात शिवशिवत असतील म्हणून सुरुवातीला आम्ही ते हसण्यावारी नेले आणि एक जुनी चप्पल त्याला खेळायला देऊनही टाकली. जूनमध्ये मुलांची शाळा सुरू झाली, सासू-सासरे पेरणीसाठी गावी गेले आणि आम्ही दोघेही नोकरी करत असल्यामुळे बंड्या दुपारी पाच-सहा तास एकटा राहू लागला. तेव्हापासून त्याने मुख्य दाराची सागवानी चौकट खालून वीतभर कुरतडून काढली आहे. आम्ही निघालो की तो रडत असतो, असे शेजारी सांगतात. आम्ही परतलो की तो कान पाडून कोपऱ्यात बसतो, म्हणजे आपण काय केले हे त्याला नक्कीच कळते. यजमान त्याला चौकटीपाशी नेऊन वर्तमानपत्राच्या सुरळीने फटके देतात, पण काही फरक पडत नाही. कोणी मिरचीपूड लावायला सांगते, कोणी कॅल्शियम कमी पडत असल्याचे म्हणते, कोणी गॅलरीत बांधून ठेवा म्हणते. सोसायटीकडूनही तक्रार आली आहे. काय करावे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रात खरे तर दोन वेगळ्या तक्रारी आहेत, आणि त्या एकच आहेत असे धरून चालल्यामुळे कोणत्याही उपायाचा गुण येत नसावा. चपला, कंपासपेटी, दिवाणाचा पाय आणि उशा यांची नासधूस घरात माणसे असतानाच्या काळातली आहे. चौकट मात्र जूननंतर, तुम्ही बाहेर पडल्यावरच, आणि तीही नेमकी तुम्ही ज्या दारातून जाता त्याच दाराची कुरतडली गेली आहे. पहिल्या प्रकारामागे वय, जात आणि नकळत लावली गेलेली सवय आहे; दुसऱ्यामागे बहुधा एकटे राहण्याची भीती आहे. पहिल्याला शिस्त आणि सोय लागते, दुसऱ्याला उपचार लागतात. म्हणून दोन्हींचा विचार स्वतंत्रपणे करू.

त्याआधी यजमानांच्या हातातील सुरळीविषयी स्पष्टच लिहितो, कारण ती थांबल्याशिवाय पुढचे काहीही उपयोगी पडणार नाही. शिक्षा आणि कृती यांची सांगड कुत्र्याच्या मनात तेव्हाच बसते, जेव्हा त्यांच्यात काही क्षणांचेच अंतर असते. दुपारी बारा वाजता कुरतडलेल्या चौकटीसाठी संध्याकाळी सहाला बसलेला फटका त्याच्या लेखी चौकटीबद्दलचा नसतो. तो मालक घरी आल्याबद्दलचा असतो. कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरून बसणे ही समोरच्या माणसाचा राग शांत व्हावा म्हणून कुत्रे करत असलेली आर्जवे आहेत. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधील संशोधक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे नीट तपासले होते. मालकाने मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खरोखर खाल्ला आहे की नाही, याच्याशी त्या ‘अपराधी’ चेहऱ्याचा संबंध आढळला नाही. मालक रागावला की तो चेहरा दिसे, आणि काहीही न केलेल्या कुत्र्यांना बोलणी बसली तेव्हा तो अधिकच ठळक दिसला. बंड्याला भीती वाटत असेल, तर रोज संध्याकाळी त्यात मालक परतण्याच्या भीतीची भर पडते आहे. यजमानांना हा परिच्छेद जरूर वाचून दाखवावा.

आता पहिला प्रकार. पिल्लाला २८ दुधाचे दात असतात. साधारण चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत सगळे ४२ कायमचे दात येतात. म्हणजे दहा महिन्यांच्या बंड्याच्या बाबतीत दात येण्याचे कारण आता संपलेले आहे. तरीही त्याचे चावणे थांबलेले नाही यात नवल नाही, कारण किशोरवयात कुत्र्यांचे चावणे पुन्हा एकदा जोर धरते, आणि लॅब्राडॉरमध्ये तर ते दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत टिकू शकते. या जातीचे पूर्वज कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्यावर कोळ्यांची जाळी आणि दोर पाण्यातून ओढून आणत असत. पुढे ब्रिटनमध्ये शिकाऱ्याने टिपलेले पक्षी तोंडात धरून आणण्यासाठी त्यांची पैदास झाली आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने या जातीला मान्यता दिली. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला तोंडात वस्तू धरण्यासाठीच निवडले गेले, त्याने घरातली प्रत्येक वस्तू तोंडात घालून पाहणे हे त्याच्या स्वभावातच आहे. ते मुळापासून बंद करण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि त्याने काय चावावे हे आपण ठरवावे, हा व्यवहार्य मार्ग होय.

जुनी चप्पल देण्याचा प्रकार महाराष्ट्रात घरोघरी चालतो, आणि तिथेच गाडी रुळावरून घसरते. जुनी आणि नवी हा फरक किमतीचा आणि आपल्या सोयीचा आहे. कुत्र्याला दोन्हींत तेच कमावलेले कातडे आणि घरच्या माणसाच्या पायाचा तोच वास मिळतो. किंबहुना आवडत्या माणसाच्या वासामुळेच सासऱ्यांच्या चपलांना पसंती मिळाली असावी. ती जुनी चप्पल आजच काढून टाका, आणि पुढचे काही महिने चपला-बूट, रिमोट, चष्मे, मुलांचे खोडरबर आणि मोजे दाराआड किंवा उंचावर राहतील असा घराला नियम लावा. हे काम कुत्र्यापेक्षा मुलांना शिकवणे अवघड जाते, हे मला ठाऊक आहे. पण प्रत्येक यशस्वी चोरीगणिक ती सवय पक्की होत जाते. म्हणून वस्तू हाती लागूच न देणे हा अर्ध्याहून अधिक उपाय आहे.

उरलेला उपाय म्हणजे त्याच्या दातांना हक्काचे काम देणे. आत पोकळी असलेले, लॅब्राडॉरच्या जबड्याला पुरेल अशा मोठ्या आकाराचे जाड रबरी खेळणे आणा, त्यात दही-भात, उकडलेले रताळे किंवा लाल भोपळा भरून ते फ्रीझरमध्ये गोठवा आणि मग द्या. घट्ट झालेले अन्न चाटून-चावून काढण्यात त्याचा बराच वेळ जातो, आणि चाटण्या-चावण्याने कुत्री शांतही होतात. पीनट बटर वापरणार असाल तर त्यात झायलिटॉल हा गोडवा नाही याची खात्री करा, कारण तो कुत्र्यांना विषारी असतो. त्याच्या रोजच्या जेवणातील काही भाग ताटलीत देण्याऐवजी जुन्या टॉवेलच्या गुंडाळीत किंवा खोलीभर लपवून द्या आणि त्याला हुंगत शोधू द्या. खेळणी सगळी एकदम मांडून ठेवू नका; दोन बाहेर, बाकीची कपाटात, आणि चार-पाच दिवसांनी अदलाबदल, असे केले की जुन्याचेही अप्रूप टिकते.

हाडांबाबत मात्र सावध राहा. मटणाची शिजवलेली हाडे फुटून त्यांचे टोकदार तुकडे होतात आणि ते घशात किंवा आतड्यात रुततात. बाजारात चघळायला म्हणून मिळणारी शिंगे आणि खूर इतके कठीण असतात की त्यांच्यावर कुत्र्याच्या वरच्या मोठ्या दाढेचा टवका उडतो. अंगठ्याचे नख दाबून पाहावे. नखाचा वण उमटत नसेल तर ती वस्तू दातांसाठी फार कठीण समजावी.

नको ती वस्तू त्याच्या तोंडात दिसली तर त्याच्या मागे धावू नका आणि जबडा उघडून ती ओढून काढू नका. पाठलाग त्याला खेळ वाटतो, आणि हिसकावण्याने वस्तू राखण्याची, पुढे गुरगुरण्याची सवय लागते. घरात मुले असताना ती तुम्हाला परवडणार नाही. हातात काही चविष्ट घेऊन शांतपणे जवळ जा, ‘सोड’ म्हणा, वस्तू सुटताच खाऊ द्या आणि लगेच त्याचे स्वतःचे खेळणे पुढे करा. २०१६ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी लॅब्राडॉरमध्ये भुकेशी निगडित असलेला एक जनुकीय बदल शोधून काढला, आणि साधारण चौथ्या हिश्श्याच्या लॅब्राडॉरमध्ये तो आढळतो. ही जात खाण्यासाठी एवढी का आसुसलेली असते, याचे एक कारण त्यात आहे. तुमचा बंड्या त्यांपैकी असो वा नसो, उकडलेल्या अंड्याच्या तुकड्यासाठी तो चप्पल सोडील, असे मी पैजेवर सांगतो.

पावसाळ्याचाही विचार करा. ज्या जूनमध्ये घर रिकामे झाले, त्याच जूनमध्ये फिरणेही घटले असणार. पट्टा ताणत भराभर मारलेल्या फेरीपेक्षा सैल पट्ट्याने, मनसोक्त हुंगू देत मारलेली सावकाश फेरी कुत्र्याला अधिक दमवते. सकाळी तुम्ही निघण्यापूर्वी ती झालीच पाहिजे. पाऊस असेल तर रेनकोट घालून माणसाने भिजावे.

लोकांनी सुचवलेल्या उपायांपैकी कॅल्शियमचे औषध डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मुळीच देऊ नका. चावण्याचा आणि कॅल्शियमच्या कमतरतेचा तसा संबंध नसतो. उलट वाढीच्या वयातल्या मोठ्या जातीच्या कुत्र्यांत जादा कॅल्शियममुळे हाडे आणि सांधे बिघडतात. तो लाकूड, माती किंवा भिंतीचा चुना केवळ चावत नसून गिळतही असेल, तर ती बाब निराळी. त्यामागे जंत, पोटाचा विकार किंवा रक्तक्षय असू शकतो, आणि आपल्याकडे गोचीड तापाने कुत्र्यांना रक्तक्षय होणे ही रोजची गोष्ट आहे. तेव्हा रक्त आणि विष्ठा तपासून घ्यावी. मिरचीपुडीने डोळे आणि हिरड्या भाजतात, म्हणून ती क्रूर आहे. दुकानात मिळणारा कडू फवारा दिवाणाच्या पायावर मारून पाहायला हरकत नाही, पण घाबरलेल्या कुत्र्याला दाराशी कडू-गोड काहीच जाणवत नाही.

आता चौकटीकडे वळू. उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन महिने घर भरलेले होते; मुले, आजी-आजोबा, दिवसभर कोणी ना कोणी जवळ. मग एका आठवड्यात सगळे नाहीसे झाले. बंड्याला मोठे झाल्यापासून एकटे राहण्याचा सरावच मिळालेला नाही, आणि तुमचे वर्णन एकटेपणाच्या भीतीशी जुळते. तरीही खात्री करून घ्या. जुना मोबाइल दाराकडे तोंड करून उंचावर ठेवा, चित्रीकरण सुरू करा आणि नेहमीप्रमाणे बाहेर पडा. कंटाळलेला कुत्रा बहुधा आधी झोपतो, उठून घरभर फिरतो आणि मग जे सापडेल ते चावतो. घाबरलेला कुत्रा तुम्ही गेल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातच धापा टाकत येरझाऱ्या घालतो, लाळ गाळतो, रडतो, दाराशी खरवडतो. कधी त्याला लघवी होते, आणि समोर ठेवलेल्या आवडत्या खाऊकडे तो ढुंकूनही पाहत नाही. तुम्ही परत आल्यावर मात्र तोच खाऊ तो अधाशासारखा खातो. हा शेवटचा पुरावा मला सर्वांत बोलका वाटतो.

चित्रीकरणात भीती दिसली, तर उपचाराचे तत्त्व एवढेच : त्याला घाबरवील इतका वेळ त्याला एकटे सोडायचे नाही, आणि ज्या वेळेला तो घाबरत नाही ती वेळ हळूहळू वाढवत न्यायची. घराबाहेर न पडताच सुरुवात करा. किल्ल्या उचला, पर्स खांद्याला लावा आणि पुन्हा येऊन बसा. असे दिवसातून अनेकदा केल्याने किल्ल्यांचा आवाज म्हणजे विरह, हे समीकरण सैल होते. मग दार उघडून बंद करणे, मग बाहेर पाऊल टाकून पाच सेकंदांत परतणे, मग अर्धा मिनिट, मग लिफ्टपर्यंत. दर वेळी तो घाबरण्याच्या आत परत यायचे, आणि वेळ रोज वाढवतच न नेता कधी कमी, कधी जास्त ठेवायची. रडू लागला तर मागचा टप्पा मोठा होता असे समजून पुढच्या खेपेला वेळ निम्म्यावर आणा. सुरुवातीचे काही आठवडे हे काम फार संथ वाटते. तो अर्धा-पाऊण तास निवांत राहू लागला की पुढचे टप्पे मोठे टाकता येतात. जाताना समजावणे, मिठ्या मारणे आणि आल्यावर जल्लोष करणे टाळा. साधे ‘येते रे’ पुरेसे आहे.

हे सुरू असताना रोजच्या पाच-सहा तासांचे काय, हा तुमचा खरा अडचणीचा प्रश्न आहे, आणि तो टाळून दिलेला सल्ला कागदावरच राहील. सकाळी केलेला सराव दुपारच्या भीतीने पुसला जातो, त्यामुळे या काळात त्याला एकटे न ठेवण्याची सोय करावी लागेल. सासू-सासऱ्यांपैकी एकाला पेरणी उरकताच लवकर परतणे शक्य आहे का ते पाहा. इमारतीतील एखादे निवृत्त जोडपे, अभ्यासाला शांत जागा शोधणारा ओळखीचा महाविद्यालयीन विद्यार्थी, दिवसभर कुत्री सांभाळणारे पाळणाघर, तुमच्या दोघांच्या कार्यालयांतून आठवड्यातला एखादा दिवस घरून काम करण्याची मुभा, असे तुकडे जोडून बहुतेक घरांना महिना-दोन महिने निभावून नेता येतात. दुसरे कुत्रे आणण्याचा विचार कोणी सुचवील. तो मनातून काढून टाका. बंड्याला माणसांची उणीव भासते आहे, आणि दुसऱ्या कुत्र्याने ती भरून निघेलच असे नाही. पिंजऱ्यात कोंडणेही नको, कारण घाबरलेली कुत्री गज चावून दात मोडून घेतात आणि नखे उपटून घेतात.

गॅलरीत बांधण्याच्या सल्ल्याबाबत कायदाही सांगतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० च्या कलम ११ मध्ये, नेहमी साखळीने बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणे हे क्रूरतेत मोजलेले आहे. त्यातून भीतीचा प्रश्न सुटत नाही तो नाहीच. फक्त चौकटीऐवजी गॅलरीचे दार कुरतडले जाते आणि रडणे सगळ्या इमारतीला ऐकू जाते.

भीती तीव्र असेल, म्हणजे तो पाच मिनिटेही तग धरत नसेल किंवा हिरड्या रक्तबंबाळ करून घेत असेल, तर औषधाला संकोच करू नका. क्लोमिप्रामीन आणि फ्लुओक्सेटीन ही औषधे कुत्र्यांच्या या विकारासाठी जगभर वापरली जातात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पहिल्याला १९९८ साली आणि दुसऱ्याला २००७ साली त्यासाठी मान्यता दिली आहे. ही गुंगीची औषधे नव्हेत. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि सरावाच्या जोडीनेच ती उपयोगी पडतात. मात्रा वजन आणि तपासण्या पाहून पशुवैद्यकानेच ठरवायची असते. घरातील कोणाच्या गोळ्यांचा अर्धा तुकडा देण्याचा धाडसी प्रयोग करू नये. मोबाइलमधले चित्रीकरण डॉक्टरांना दाखवाच, कारण दवाखान्यात टेबलावर उभा असलेला कुत्रा घरातला कुत्रा नसतो. चौकटीला लागून खिळे वर आले असतील तर ते काढून घ्या, मात्र नवी चौकट इतक्यात बसवू नका. सुताराचे पैसे दोनदा द्यावे लागतील.

सोसायटीला घाबरण्याचे कारण नाही. केवळ भुंकण्याच्या कारणावरून कुत्रा काढायला लावता येत नाही, असे भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तरीही नियम पुढे करण्याआधी भिंतीपलीकडच्या घरी स्वतः जा, उपचार सुरू आहेत आणि महिना-दोन महिने लागतील असे सांगा, आणि तो नेमका कधी रडतो याची नोंद ठेवायची विनंती करा. तक्रार करणाऱ्याला काम दिले की त्याचा सूर बऱ्याचदा बदलतो, शिवाय तुम्हाला उपयोगी माहिती मिळते.

शेवटी, चावणारा कुत्रा हा गिळणाराही असतो, हे मुलांना आवर्जून सांगून ठेवा. मोसम संपत आला तरी आंब्याची कोय आणि पावसाळ्यात जिथे-तिथे पडलेली मक्याची कणसे आतड्यात अडकतात आणि शस्त्रक्रियेची वेळ आणतात; मोजे आणि केसांचे रबर यांचेही तेच. मनुके, चॉकलेट, कांदा, उंदरांचे औषध, डांबरगोळ्या आणि माणसांच्या वेदनाशामक गोळ्या त्याच्या आवाक्यात राहता कामा नयेत. कुंडीतली कण्हेर त्याला प्राणघातक ठरू शकते, आणि मनी प्लांटने तोंडाची आग होते. विजेची वायर चावल्यास तोंड भाजलेले दिसले नाही तरी त्याच दिवशी तपासून घ्या, कारण फुप्फुसांत पाणी साचण्याचा धोका काही तासांनीही असतो. काही गिळल्याची शंका असेल, वारंवार उलट्या होत असतील, खाणे सुटले असेल किंवा शौचाला होत नसेल, तर वाट पाहू नका. उलटी व्हावी म्हणून मिठाचे पाणी पाजू नका, कारण त्याने नवीच विषबाधा होते. गिळलेल्या वस्तूचा उरलेला तुकडा किंवा वेष्टन सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा.